धागा : पन्नाशीचा वाढदिवस घरीच, चार माणसांत

माजघर :
येत्या मार्गशीर्षात मला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. माझी भावंडे, दीर-जावा आणि लेक अशा सगळ्यांनी मिळून एका हॉलची चौकशीही करून ठेवली आहे. त्यांचा उत्साह मला कळतो आणि त्यामागची माया तर त्याहून अधिक कळते. तरीही हा दिवस मला घरीच, शांतपणे घालवायचा आहे. पैशांचा प्रश्न नाही आणि मन खट्टू झाले आहे असेही नाही. गेल्या काही वर्षांत घरातल्या बहुतेक समारंभांत मी यजमानीण म्हणून उभी होते. कोण जेवले, कोण राहिले, कोणाच्या ताटात वाढायचे आहे याकडेच सगळे लक्ष असायचे. ज्या दिवशी माझ्या आयुष्याचे एक मोठे वळण येते आहे, त्या दिवशी मला खाली बसायचे आहे, घरच्या माणसांशी बोलायचे आहे आणि त्यांचे बोलणे पूर्ण ऐकायचे आहे.

आम्ही सांगलीला राहतो. घरात यजमान, सासूबाई आणि मी. लेक पुण्याला शिकते, ती त्या दिवसापुरती येईल. ज्यांनी असा वाढदिवस घरच्या घरी केला आहे त्यांना माझे तीन प्रश्न आहेत. तो दिवस तुम्ही कसा आखता? तो नेहमीच्या रविवारासारखा निसटून जाऊ नये म्हणून काय करता? आणि नातेवाइकांना न दुखावता हे सांगायचे कसे?

अबोली :
माजघरताई, आमच्या रत्नागिरीच्या घरात मोठ्यांचे वाढदिवस अजूनही असेच होतात, म्हणून सविस्तर लिहिते.

दिवसाची बांधणी औक्षणावर करावी, असा माझा अनुभव आहे. औक्षणाला वेळ थोडाच लागतो, पण ते सकाळी, अंघोळीनंतर आणि घरातले सगळे हजर असताना झाले तर उरलेल्या दिवसाला आपोआप एक वळण मिळते. आदल्या रात्रीच तबक काढून ठेवावे. निरांजनात तुपाची फुलवात घालावी. कुंकू, हळद, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी तबकात असावी. पाटाभोवती रांगोळीची दोन-चार बोटे ओढली तरी पुरते, पण ती ओढावी. पाट असा मांडावा की बसणाऱ्याचे तोंड पूर्वेकडे येईल. आमच्याकडे डोक्यावर कापसाचा पुंजका ठेवून "कापसासारखी पांढरी हो" असे म्हणतात. माझी आजी हे म्हणताना हात क्षणभर डोक्यावरच ठेवायची आणि ज्याच्या डोक्यावर तो हात असायचा तो पोरगेला मुलगासुद्धा गप्प बसायचा.

जेवणात गव्हल्यांची खीर करावी, असे मी आवर्जून सुचवीन. गव्हले साजूक तुपात मंद आचेवर बदामी होईपर्यंत परतावेत, थोड्या पाण्यात मऊ शिजवून घ्यावेत आणि मगच दूध घालावे. गूळ घालणार असाल तर पातेले खाली उतरवून, खीर कोमट झाल्यावर घाला, नाहीतर दूध फाटते. या खिरीचा मोठा गुण म्हणजे गव्हले वळण्याचे काम आधीच करून ठेवता येते आणि ते काम सासूबाईंना आवडणारे असेल. दुपारी चार-चार गव्हले चिमटीतून ताटात पाडत बसलेल्या बायका जे बोलतात ते एरवी कधीच बोलले जात नाही.

बाकी वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर आणि तळणीचे काही. यापुढे जाऊ नये. पदार्थ वाढले की तुम्ही पुन्हा ओट्यापाशी उभ्या राहाल आणि ज्यासाठी हे सगळे मांडले तेच हातचे जाईल.

रानवारा :
मी निवृत्त शिक्षक आहे आणि मराठवाड्यातल्या एका खेड्यात राहतो. माझा कागदावरचा वाढदिवस १ जून. माझ्या वयाच्या कितीतरी माणसांचा तोच आहे, कारण आम्हाला शाळेत घालताना जन्मतारीख कुणालाच सांगता येत नसे आणि जूनमध्ये शाळा सुरू होताना गुरुजी रजिस्टरात १ जून लिहून मोकळे होत. पुढे नोकरीत आल्यावर मीही अशी रजिस्टरे पाहिली. एकेका पानावर तीच तारीख ओळीने लिहिलेली असे. त्या दिवशी मला बँकेचा आणि विमा कंपनीचा संदेश न चुकता येतो, जुने विद्यार्थीही फोन करतात. मी सगळ्यांचे आभार मानतो.

माझा खरा जन्म मात्र आईच्या सांगण्यानुसार पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. हैदराबाद संस्थान भारतात सामील झाल्यानंतरच्या पाचव्या वर्षी, म्हणजे १९५३ साली, पोळ्याला बैल मिरवून आणले आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना मी झालो. बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला होता, असे ती सांगायची. त्यामुळे माझ्या जन्माची तारीख कुणाला ठाऊक नसली तरी तिथी पक्की आहे : भाद्रपद शुद्ध प्रतिपदा.

तो दिवस मी घरात काढतो. शुभेच्छा देणारे कोणी नसते, कारण घरच्यांशिवाय तो कोणाला माहीतच नाही. सकाळी गोठ्यात जातो. पोळ्याची पुरणपोळी उरलेली असते, ती दुधाबरोबर खातो. सुनेने अलीकडे त्या दिवशी माझे औक्षण करायला सुरुवात केली. आधी मी नको म्हणत होतो. आता सकाळी शर्ट घालून तयार राहतो. आपल्या वयाची नोंद आपल्या घरातल्या माणसाने ठेवावी यात फार मोठे समाधान आहे आणि सत्तरीनंतर ते अधिकच जाणवते. माजघरताई, तुम्ही पन्नाशीतच हे मागता आहात, हे मला फार योग्य वाटते.

पंचांगवाचक :
रानवारा यांचा प्रतिसाद वाचून तिथीविषयी लिहावेसे वाटले.

आपल्याकडे वाढदिवसाचा जो मूळ विधी आहे, ज्याला वर्धापन म्हणतात, तो जन्मतिथीला करायचा असतो आणि त्याचे स्वरूप पूर्णपणे घरगुती आहे. धर्मसिंधूसारख्या निर्णयग्रंथांत त्याचे वर्णन आहे. तिळाचे उटणे लावून स्नान करावे, कुलदेवतेचे, मार्कंडेयाचे आणि अश्वत्थामा, बली, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम या सात चिरंजीवांचे स्मरण-पूजन करावे आणि तीळ व गूळ घातलेले दूध अर्धी ओंजळ प्यावे, एवढाच त्याचा गाभा आहे. त्या दिवशी टाळण्याच्या गोष्टीही सांगितल्या आहेत : नखे व केस कापणे, मांसाहार, भांडण, हिंसा आणि प्रवास. यातली शेवटची गोष्ट मला या चर्चेत फार महत्त्वाची वाटते. वाढदिवशी माणसाने वाटेला लागू नये, घरी राहावे आणि कोणाशी कलह करू नये, ही अपेक्षा त्या जुन्या नियमांतच आहे. माजघर यांना जे हवे आहे ते परंपरेला धरूनच आहे. नातेवाइकांपैकी कोणी वडीलधारे "असे कसे, पन्नाशी आहे" म्हणाले तर त्यांना हे अवश्य सांगावे.

पन्नासाव्या वर्षी काही घरांत वैष्णवी शांत करतात. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ती जरूर करावी. मात्र शांत म्हटली की गुरुजी, होम, आप्तेष्ट आणि जेवणावळ असे ते वाढत जाते, म्हणून ती करायचीच असेल तर वेगळ्या दिवशी ठेवावी, असे मी सुचवीन.

तारीख आणि तिथी यांविषयी एक गंमत माझ्या घरातलीच आहे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौरवर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान. अधिक मासामुळे तो फरक भरून निघतो आणि दर १९ वर्षांनी तारीख व तिथी पुन्हा एकत्र येतात, फार तर एखाद्या दिवसाने मागे-पुढे होतात. म्हणजे वयाच्या १९व्या, ३८व्या आणि ५७व्या वाढदिवशी हा योग येतो. माझ्या पत्नीला ५७ पूर्ण झाली तेव्हा तिची तारीख आणि तिथी एकाच दिवशी आली आणि तिने तो दिवस घरात बसून जुने फोटो लावण्यात घालवला. एरवी आम्ही दोन्ही दिवस पाळतो. तारखेला जगाचे फोन घ्यायचे आणि तिथीला घरात राहायचे. माजघर, तुम्हालाही हा मार्ग सोयीचा होईल. नातेवाइकांना तारीख द्या, तिथी स्वतःकडे ठेवा.

मांडवी :
मी पणजीहून लिहिते. वरच्या सगळ्यांविषयी मला आदर आहे, पण एक वेगळी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

शांत वाढदिवस हा ज्याच्या घरात माणसे आहेत त्याने निवडलेला असतो. माझ्या आईचे शेवटचे काही वाढदिवस शांतच गेले, पण ते तिने निवडले नव्हते. आम्ही तिघेही भावंडे बाहेरगावी होतो आणि "आईला गर्दी आवडत नाही" असे एकमेकांना सांगत होतो. तिला गर्दी आवडत नव्हती हे खरे होते. मात्र दुपारी चारच्या सुमारास कोणी दारात आले की तिचा चेहरा कसा उजळायचा, हेही मी पाहिले आहे. म्हणून "मला काही नको" असे जाहीर करण्याआधी आपल्या घरात आणखी कोणाला त्या दिवसाची गरज आहे का, हे पाहावे. सासूबाईंना कदाचित सुनेच्या पन्नाशीला चार पाहुणे घरी आलेले हवे असतील. लेकीलाही आईसाठी काहीतरी करायचे असेल. ज्यांचे आपल्यावर प्रेम आहे त्यांना ते व्यक्त करायला दिवसातला थोडा भाग देणे, हे मला त्यांचे देणे वाटते.

आमच्या गोव्यातल्या घरात यावर एक साधा तोडगा आहे. सकाळी देवाला फूल आणि नैवेद्य, दुपारचे जेवण घरच्यांपुरते आणि संध्याकाळी पाच ते सात दार उघडे. कोणालाही बोलावणे जात नाही, पण ज्यांना यायचे असते त्यांना ठाऊक असते. येणाऱ्याला वाटीभर मणगणें मिळते. चण्याची डाळ आणि साबुदाणा शिजवून त्यात गूळ आणि नारळाचा रस घालायचा. दाट रस अगदी शेवटी, आच मंद करून घालायचा आणि नंतर उकळू द्यायचा नाही. एकदा पातेलेभर करून ठेवले की यजमानीण मोकळी. सात वाजता दिवा लावायची वेळ होते आणि माणसे आपण होऊन उठतात.

राईनकाठ :
मांडवीताईंनी लिहिले ते मला लागू पडते, कारण माझे शांत वाढदिवस माझ्या निवडीचे नव्हते. मी नागपूरचा, कामानिमित्त जर्मनीत एकटा राहतो.

इथे वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणे अशुभ मानतात. माझा वाढदिवस जानेवारीत. भारतात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा इथे हिवाळ्यात आदल्या संध्याकाळचे साडेसात झालेले असतात आणि त्याच क्षणी आईचा फोन येतो. पहिल्या वर्षी मी सहकाऱ्यांबरोबर असताना तो फोन आला. आई काय म्हणते आहे हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी गंभीरपणे "उद्या, उद्या" असे म्हणून मला थांबवले. दुसरे म्हणजे इथे ज्याचा वाढदिवस असतो त्यानेच कार्यालयात केक न्यायचा असतो. आरंभी मला हे विचित्र वाटले. आता मला ती रीत आवडते, कारण त्यामुळे माणूस कोणी आपली आठवण ठेवेल का याची वाट पाहत बसत नाही. तो स्वतः सांगतो की आज माझा दिवस आहे, या आणि खा.

तोच विचार मी घरी वापरला. आता त्या दिवशी मी संध्याकाळी लवकर घरी येतो. आईने दिलेले पितळी निरांजन लावतो आणि मोबाईल पुस्तकांना टेकवून उभा करतो. तिकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात, तरी आई झोपलेली नसते. ती तिच्या तबकाने पडद्यासमोर ओवाळते आणि मी माझ्या कपाळाला माझ्या हाताने कुंकू लावतो. अक्षता ती तिकडे पडद्यावर टाकते. ते पाहताना मला हसू येते आणि डोळेही भरून येतात. नंतर मी शिरा करून खातो. एकट्या राहणाऱ्या कोणी हे वाचत असेल तर माझे मनापासून सांगणे आहे की स्वतःसाठी दिवा लावायला संकोच करू नका. "एकट्यासाठी कशाला" हा विचार मी दोन-तीन वर्षे केला आणि ते दिवस फार जड गेले.

सावली :
औक्षणाचा विषय निघालाच आहे, म्हणून एक गोष्ट लिहिते. ती याच धाग्यावर लिहावी असे वाटते, कारण घरगुती वाढदिवसात काय बदलता येते हे तिच्यातून दिसते.

माझे वडील गेल्यानंतरच्या वर्षी माझ्या भावाचा वाढदिवस आला. आम्ही पाट मांडला, तबक तयार केले आणि आई स्वयंपाकघरात गेली. तिने काकूंना हाक मारली आणि म्हणाली, "तुम्ही ओवाळा." ज्या बाईने त्या मुलाला जन्म दिला, तीच आता त्याला ओवाळू शकत नाही, हे तिने मनाशी ठरवूनच टाकले होते. कोणी तिला तसे म्हटले नव्हते, पण कोणी वेगळेही म्हटले नव्हते. भाऊ पाटावरून उठला, स्वयंपाकघरात गेला, आईचा हात धरून तिला बाहेर घेऊन आला आणि पुन्हा पाटावर बसला. काकूंनीच तबक आईच्या हातात दिले.

२०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले, तेव्हा त्या बातम्या आईने वाचून दाखवायला लावल्या होत्या. पण आमच्या घरातला ठराव त्याआधीच झाला होता आणि तो हॉलमध्ये, शंभर माणसांदेखत झाला असता असे मला वाटत नाही. तिथे आई गर्दीत मागे सरकली असती आणि कोणाच्या लक्षातही आले नसते.

माजघर यांनी सासूबाईंचा उल्लेख केला आहे. त्यांची परिस्थिती मला ठाऊक नाही, पण औक्षण त्यांच्या हातून व्हावे, असे मला वाटते.

माजघर :
सावली, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. सासरे जाऊन बरीच वर्षे झाली. त्या काही वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी फक्त "निरांजन घासायला काढ" एवढेच म्हटले. तेव्हा ते ठरले. मांडवीताई, संध्याकाळी दार उघडे ठेवण्याची कल्पना मी घेते. त्या बाजूचा विचार मी पुरेसा केला नव्हता.

आता नातेवाइकांना काय लिहायचे, हा प्रश्न तेवढा उरला आहे. माझ्या धाकट्या भावाने हॉलवाल्याशी बोलणे केले आहे, त्याला वाईट वाटू नये असे मला मनापासून वाटते.

अबोली :
भावाला मजकूर पाठवू नका, फोन करा. बाकीच्यांना पाठवायचा मजकूर मी लिहून देते, तुमच्या पद्धतीने बदलून घ्या : "माझी पन्नाशी तुम्हा सर्वांना साजरी करावीशी वाटली, याचाच मला फार आनंद आहे. तो दिवस मी घरी, सासूबाई आणि मुलीसोबत घालवणार आहे. संध्याकाळी पाच ते सात आम्ही घरी आहोत. सवड असेल त्यांनी खीर खायला यावे. भेटवस्तू आणू नये, जुना एखादा फोटो असेल तर तो आणावा." नकार आधी येऊ देऊ नये. आधी आनंद लिहावा, मग काय करणार ते लिहावे. "करणार नाही" हे शब्द कुठेच लागत नाहीत.

भावाला मात्र एक काम द्या. ज्याने हॉल शोधला त्याच्या अंगात हौस आहे आणि ती रिकामी राहिली तर तो हिरमुसेल. फुले, विड्याची पाने, आईच्या माहेरचे कोणी आणायचे असेल तर ते, असे काहीतरी त्याच्याकडे सोपवावे.

दुपारचा_चहा :
लहान मुलांच्या बाबतीत हे जमते का, असे कोणी विचारील म्हणून लिहितो. आमच्या मुलाचा पाचवा वाढदिवस २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत आला. कोणी येऊ शकत नव्हते आणि दुकानेही बंद होती. पत्नीने रव्याचा केक कुकरमध्ये केला. मुलाने सकाळी औक्षण करून घेतले, दिवसभर आजोबांबरोबर पत्त्यांचे बंगले बांधले आणि रात्री "आजचा वाढदिवस मोठा होता" असे सांगितले. मोठा म्हणजे लांब, कारण दिवसभर आम्ही कोणीही घाईत नव्हतो. त्यानंतर आम्ही सोसायटीच्या हॉलमधला कार्यक्रम पुन्हा सुरू केलाच नाही. त्याचे दोन मित्र घरी येतात आणि जेवून जातात. मात्र त्याला स्वतःला मोठा कार्यक्रम हवा असेल त्या वर्षी तो करू, असे आम्ही त्याला सांगून ठेवले आहे. आपली शांततेची आवड मुलावर लादणे मला योग्य वाटत नाही.

कातळ :
माजघरताईंचा दुसरा प्रश्न अजून तसाच राहिला आहे : दिवस निसटून जाऊ नये म्हणून काय करावे? माझे उत्तर असे आहे की आपल्या जन्माचा दिवस ज्याला आठवतो त्या माणसाला तो सांगायला लावावा.

माझा जन्म पुण्यातला, १९६१ च्या जुलैमधला. १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले तेव्हा आईचे दिवस भरत आले होते आणि आमचे बिऱ्हाड नारायण पेठेत, नदीपासून फार दूर नसलेल्या एका वाड्यात होते. ती ज्या नातलगांकडे उंचावर जाऊन राहिली त्यांच्याच घरी पुढच्या काही दिवसांत मी झालो. वाढदिवशी दुपारी जेवणानंतर ती हे सगळे सांगते आणि मी ऐकतो. दरवर्षी गोष्ट तीच असते, पण तपशील वेगळे निघतात. एका वर्षी तिने सांगितले की घर सोडताना तिने फक्त देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात घेतला. दुसऱ्या वर्षी कळले की बाळंतविड्याचे शिवलेले कपडे वाड्यातच राहिले आणि मला पहिले अंगडे-टोपडे शेजारणीने स्वतःच्या लुगड्याचे शिवून दिले. त्या शेजारणीचे नाव मला साठीनंतर कळले. आईला ते माहीत होते, मी विचारलेच नव्हते.

आता तिचे वय बरेच झाले आहे आणि काही भाग ती विसरते, तेव्हा मी तिला आठवण करून देतो. हॉलमध्ये, ध्वनिवर्धकाच्या आवाजात हे कसे होणार? यासाठी दुपार लागते, एक पंखा लागतो आणि कोणालाही कुठे जायचे नसावे लागते. माजघरताई, तुमची आई किंवा मावशी असेल तर तिला दुपारच्या जेवणाला अवश्य बोलवा आणि लेकीला शेजारी बसवा.

माजघर :
आई नाही, पण मोठी मावशी मिरजेला आहे आणि माझ्या जन्माच्या वेळी ती घरात होती. भावाला आता काम मिळाले. तो तिला गाडीने घेऊन येईल. मी त्याला फोन केला तेव्हा तो आधी थोडा थांबला, पण मावशीचे नाव काढताच "मी सकाळीच आणतो तिला" म्हणाला.

ओसरी :
मी इथे नवीन आहे. हा धागा वाचून धीर झाला म्हणून विचारते. माझ्या वडिलांना पुढच्या महिन्यात ऐंशी वर्षे पूर्ण होतील. ते अंथरुणाला खिळलेले आहेत आणि दिवसातला बराच वेळ घरातल्या यंत्रावर ऑक्सिजन चालू असतो. सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा करायचा असे आम्ही पूर्वी ठरवले होते, पण आता ते शक्य नाही. घरच्या घरी काय करता येईल? आणि त्यांना पाटावर बसवता येत नसेल तर औक्षण कसे करावे?

पंचांगवाचक :
ओसरी, एक हजार पौर्णिमा पूर्ण व्हायला सुमारे ८० वर्षे आणि १० महिने लागतात. त्यामुळे ऐंशी पूर्ण झाल्या दिवशीच ते करायला हवे, असे नाही. पुढच्या वर्षभरात वडिलांना जेव्हा बरे वाटेल ती एखादी पौर्णिमा निवडावी. त्यांच्या पलंगावरून खिडकीतला चंद्र दिसत असेल तर तेवढे दर्शन पुरेसे आहे. दिसत नसेल तर पलंगाची दिशा त्या रात्रीपुरती बदलून पाहावी. पाट नसला तरी चालतो. पलंगावर डोक्याकडची बाजू थोडी उंच करून, खांद्यावर शेला किंवा उपरणे घालून औक्षण करावे.

सावली :
ओसरी, मी रुग्णसेवेत काम करते, म्हणून यात एक महत्त्वाची भर घालते. ऑक्सिजन चालू असताना त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, कापूर यांपैकी काहीही पेटवू नका. नळी काढून ठेवली तरी अंथरूण, उशी आणि कपडे यांत ऑक्सिजन काही काळ साचलेला असतो आणि ठिणगीने ते झटकन पेट घेतात. दिवा देवघरात लावावा, दार उघडे ठेवावे आणि त्यांना तो लांबून दिसेल असे पाहावे. त्यांच्याजवळ नेण्याच्या तबकात कुंकू, अक्षता, सुपारी आणि अंगठी एवढेच ठेवा. सुपारी आणि अंगठी हातात घेऊन त्यांच्या चेहऱ्यासमोरून तीनदा ओवाळा, अक्षता डोक्यावर अलगद टाका, म्हणजे त्या नळीत किंवा तोंडावर जाणार नाहीत. गोड भरवताना खीर पातळ असावी आणि चमचा अर्धाच भरावा. गिळायला त्रास होत असेल तर डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे आणि ते नको म्हणाले तर नुसता ओठांना गोड हात लावावा.

ओसरी :
नळी काढून मग निरांजन लावायचे, असेच आमच्या मनात होते. बरे झाले विचारले. देवघर त्यांच्या खोलीच्या समोरच आहे.